काळं दळण

मु. बोरदरा, ता. पारनेर
१० फेब्रुवारी १९४६

योहान,

पाकिटावरचं अक्षर बघून फसलास ना? पत्ता मी पोस्टातल्या रंगनाथरावांकडून लिहून घेतला. माझं अक्षर ओळखून तू मागची पत्रं न फोडताच परत धाडलीस, म्हणून ही युक्ती करावी लागली. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. लहानपणी तुझं नाक मी माझ्या पदरानं पुसलं आहे, तेवढा हक्क मला आहे.

आधी तुला, एलिझाबेथला आणि दयाला सलाम. दया आता शाळेत जात असेल. मनमाडला रेल्वेच्या वस्तीत शाळा आहे का, की पोर दिवसभर इंजिनंच मोजत बसते? तिचे दात पडले का? आत्याला ही एवढीशी गोष्टसुद्धा कुणी कळवू नये, म्हणजे कमाल झाली.

मास्तर पडले, तुझे दाजी. गेल्या रविवारी चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायला उभे राहिले आणि मागच्या मागे सरळ आडवे झाले. हात पुढे करणं नाही, सावरणं नाही. डोकं बाकाला लागलं. पाळकसाहेबांनी त्यांना उठवताना आधी तोंडाचा वास घेतला. मी पाहिलं ते. सगळ्यांनी पाहिलं.

तुला वाटेल, पडू दे, मला काय त्याचं. तुझा राग मला पाठ आहे. दोन वर्षांपूर्वी तुझ्या आमोसच्या मातीला मी तिथेच उभी होते. चार वर्षांचं पोर घटसर्पानं गेलं, ते एवढंसं गाठोडं खड्ड्यात ठेवलं, आणि मास्तर हसले. गालात नव्हे, चांगलं खदखदून हसले. पाळकसाहेबांची प्रार्थना थांबली. तू त्यांची गचांडी धरलीस आणि म्हणालास, "ह्या मानसाच्या दारात मी पुन्यांदा पाय ठिवनार न्हाई." ठेवला नाहीस. लष्करी डेपोतली नोकरी सोडलीस, मनमाड गाठलंस, आणि आम्ही तुला मेलो.

योहान, त्या दिवसानंतर महिनाभर मीही त्यांच्याशी बोलले नाही. भाकरी पुढ्यात आदळायची आणि उठून जायची. पण एक गोष्ट तुला ठाऊक नाही. ते अजून हसतात. शेळी मेली तेव्हा हसले. रॉकेल मिळालं नाही तेव्हा हसले. मी चुलीवर हात भाजून घेतला, तर हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. तोंड हसतं, डोळे हसत नाहीत. मला त्यांची भीती वाटते आणि त्यांची कीवही येते.

शाळा अजून चालू आहे. तू आणलेल्या खोक्यांच्या फळ्यांवरच पोरं लिहितात. लढाईत दगडी पाट्या मिळेनात, तेव्हा तू डेपोतून मोडकी खोकी आणि बॅटरीच्या संपलेल्या सेलांची पोती आणलीस. नाहीतर आपल्या वस्तीची पोरं मातीतच बोटं फिरवत बसली असती. तू कधी रिकाम्या हातानं आलाच नाहीस. मास्तर सेल फोडून आतली काळी भुकटी काढायचे, शाळेच्या मागल्या खोलीत जुन्या जात्यावर बारीक दळायचे आणि माक्याच्या रसात कालवून फळ्यांना फासायचे. आठवतं? दार लावून घ्यायचे, भुकटी वाऱ्यानं उडू नये म्हणून. आत जातं घरघरायचं आणि वर त्यांची भजनं. बाया पाणी भरताना म्हणायच्या, "मास्तर बाईवानी दळतंय गं, आता आपल्याला दळायला बसायला नगं." ते बाहेर आले की दातांपर्यंत काळे. तू त्यांना कोळशाचा व्यापारी म्हणायचास.

किती हसायचो तेव्हा आपण सगळे. खरं हसायचो.

ईस्टरला ये. एकदा येऊन त्यांच्याकडे नीट बघ, मग वाटलं तर परत जा.

तुझी आक्का,
लिडिया


१ एप्रिल १९४६

योहान,

कार्ड मिळालं. सगळ्या कार्डावर एकच ओळ, "दाजींना दारू सोडायला सांग." एवढ्यासाठी कार्ड कशाला खर्ची घातलंस? कोऱ्या कार्डावर थुंकला असतास तरी मला कळलं असतं.

ज्या माणसानं उभ्या जन्मात ताडीचा थेंब घेतला नाही, तुमच्या लग्नात पाहुण्यांची बाटली ज्यानं उकिरड्यावर रिकामी केली, त्याला तू दारुडा म्हणतोस? त्या बाटलीवरून तू दोन दिवस रुसला होतास, ते विसरलास वाटतं. मी हे कार्ड त्यांना दाखवलेलं नाही. चुलीत घातलं.

आता ऐक. मास्तरांचं अक्षर आटत चाललं आहे. ते अक्षर! इन्स्पेक्टर आले की आधी बोरदऱ्याचा फळा बघायचे, मग मुलांना प्रश्न विचारायचे. आता ओळ सुरू होते मोठ्या अक्षरात आणि शेवटाला जाईपर्यंत मुंगीएवढी होते. मागच्या पोरांना दिसत नाही. पोरं म्हणतात, "गुरुजी, मोठं लिवा," तर ते मोठंच लिहितात असं त्यांना वाटतं. आवाजही गेला. भजन तर सोडाच, हजेरी घेतात ती पहिल्या बाकालासुद्धा ऐकू जात नाही.

आणि चालणं. टाचा जमिनीला टेकतच नाहीत. चवड्यांवर टुणटुण चालतात, कोपर अंगाशी दुमडून. पोरांनी त्यांना 'कोंबडा मास्तर' नाव ठेवलं आहे. मी एकाला धरून बडवला, मग घरी येऊन रडले. पोराचं काय चुकलं? तसेच चालतात ते.

मिशनकडून पत्र आलं आहे. जूनपासून दुसरे मास्तर येणार. यांना 'विश्रांती' दिली आहे. कारण लिहिलेलं नाही, पण जो तो ते कारण तोंडातल्या तोंडात बोलतो. सरळ बोलली ती एकटी छबूबाई. म्हातारी दारात येऊन म्हणाली, "लिडियाबाय, तुज्या मालकाचं वारं मला बाधलंय. माजीबी टाच टेकंना." मला राग यायला हवा होता. पण मी तिच्या पायांकडे पाहिलं. ती खरंच तशी चालत होती.

तू ईस्टरला येणार नाहीस, हे तुझ्या कार्डावरून कळलं. आम्ही नगरला दवाखान्यात जाणार आहोत. आसाराम बैलगाडीनं सडकेपर्यंत सोडेल, पुढे मोटार. प्रार्थना करशील का, एवढं तरी?

लिडिया


१९ मे १९४६

प्रिय योहान,

या वेळी तुझ्यावर रागावलेली नाही. रागवायला अंगात काही उरलेलंच नाही.

नगरच्या डॉक्टरांनी मास्तरांना चालवलं, वळवलं, हलकेच मागे ढकलून पाहिलं. मास्तर कापलेल्या झाडासारखे त्यांच्या हातात आले. डॉक्टरांनी त्यांना नाव लिहायला सांगितलं. 'दानीएल' लिहिता लिहिता शेवटचा ल दिसेनासा झाला. मग डॉक्टरांनी एक विचित्र प्रश्न विचारला, "मध्यप्रांतात खाणीवर काम केलंत का कधी?" मी म्हटलं, साहेब, हे पारनेरच्या पलीकडे गेले ते फक्त लग्नाला. पण डॉक्टर पूर्वी त्या मुलखात होते. तिथं मँगनीज नावाचा काळा दगड निघतो, तो फोडणाऱ्या आणि दळणाऱ्या मजुरांना हेच होतं म्हणाले. तोच दगडासारखा चेहरा, तेच कोंबड्यागत चालणं. आणि तेच हसू.

योहान, हे नीट वाच. मी त्यांना मुद्दाम विचारलं, आमोसचं सगळं सांगून विचारलं. ते म्हणाले, हा मेंदूचा आजार आहे, आणि पुष्कळदा आधी हसूच येतं, बाकीचं वर्षा-दोन वर्षांनी. माणसाला हसायचं नसतं. रडू आत अडकतं आणि बाहेर हसू पडतं. ते हसू त्यांचं नव्हतं, योहान. तुझ्या लेकराला ते हसले नाहीत. आमोसला पाढे म्हणत खांद्यावर मिरवणारा माणूस त्याच्या मातीला हसेल का, हे तेव्हा आपल्या कुणाच्याच ध्यानात आलं नाही, माझ्यासुद्धा नाही.

बरं होणार नाही म्हणाले. औषध नाही. वाढतच जाईल.

खाणीतला आजार इथं कुठून आला असं तू विचारशील. ते काय डॉक्टरांनाही लगेच सांगता येत नाही. नखं पाहिली त्यांनी, पाण्याचंही विचारलं. मी बाटलीत पाणी भरून दिलं, ते पुण्याला पाठवणार आहेत. काय निघायचं ते निघेल. तू त्यात डोकं घालू नकोस.

शाळेच्या मागचं जातं मी आसारामकडून फोडून टाकलं. जुनंच झालं होतं. पोरांच्या पाट्याही गोळा केल्या. नव्या मास्तरांना नव्या पाट्या नकोत का?

इकडे ऊन फार आहे. तुझ्या हाताला घामोळं उठतं, जपून राहा.

तुझी आक्का


४ जुलै १९४६

माझ्या लाडक्या योहान,

तुझं पत्र आलं! चांगलं चार पानी! मी ते उभ्यानंच वाचलं, मग बसून वाचलं, मग मास्तरांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं वाचलं. 'दाजींना सांग, माझं चुकलं' हे वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. त्यांच्या हाताची बोटं हलली, आणि हल्ली ते फार झालं.

दयानं खाली जे कमळ काढलं आहे ते मला आधी कोबी वाटलं. तिला सांग, आत्याला फार आवडलं.

पुलाच्या कामावर तुला सहा महिने भुसावळकडे जायचं आहे, तोवर एलिझाबेथला आणि दयाला इथं ठेवायचं म्हणतोस. योहान, दोन वर्षं मी हेच मागितलं देवाजवळ. मास्तरांपाशी कुणी बसायला मिळालं असतं, घरात पोराचा आवाज आला असता.

पण एवढ्यात पाठवू नकोस.

घर गळतं आहे. यंदा पाऊस मोठा आहे आणि मागची भिंत ओली झाली आहे. शिवाय सापही निघतात. मास्तरांचं सगळं करता करता मला पाहुण्यांचं काही होणार नाही. एलिझाबेथला तिच्या माहेरी ठेव. वाटलं तर दिवाळीनंतर बघू.

वाईट वाटून घेऊ नकोस. माझ्यावर विश्वास ठेव.

आक्का


२८ जुलै १९४६

योहान,

तुझं पत्र वाचलं. 'पाहुणे' हा शब्द तुला लागला. लागणारच. तू लिहितोस, "माझं एक लेकरू तुमच्या गावात मातीत घातलं, दुसरं पाठवतो म्हणालो तर तुला सापाचं निमित्त सुचतं. यापुढे तुला भाऊ नाही." सापाचं निमित्त वाईटच होतं. मला कधीच धड खोटं बोलता आलं नाही.

आता खरं लिहिते. मास्तरांना दिलेला शब्द मोडून लिहिते. एलिझाबेथला जवळ बसव आणि मग पुढे वाच.

दयाला इथं आणायचं नाही ते पाण्यामुळे. आपल्या विहिरीच्या पाण्यात तेच मँगनीज निघालं आहे. खाणीतलं. आणि ते तिथं आलं सेलांमधून. सेलांतली ती काळी भुकटी म्हणजे तेच, योहान; डॉक्टरांनी नखं पाहिली तेव्हाच ओळखलं होतं. मास्तर दार लावून जे दळत बसायचे ते तेच होतं. त्यांनी ते वर्ष-दोन वर्षं नाकातोंडानं घेतलं. दहा गावच्या मास्तरांचे फळे त्यांनी रंगवून दिले. मी घराच्या सारवणाला काळा पट्टा ओढायची, तोही त्याच भुकटीचा. आणि फोडलेल्या सेलांचे पत्रे पोरांच्या पायात जाऊ नयेत म्हणून तू आणि मास्तरांनी मिळून लिंबाखाली खड्डा खणलात, विहिरीपासून हाकेच्या अंतरावर. फोडायचे राहिलेले सेलही शेवटी त्यातच ओतले. दोन पावसाळ्यांचं पाणी त्यातून झिरपलं. छबूबाईनं कधी सेलाला हात लावला नाही, पण तिचं घर विहिरीला लागून आहे आणि ती दुसरं पाणी पीत नाही.

कळलं ना, मी का लपवत होते ते? हसण्याचं खरं कारण सांगायचं तर पोत्यांचं कारण सांगावं लागत होतं. ती पोती कुणी आणली हे तुला सांगायची माझी छाती होत नव्हती.

डॉक्टरांकडून परतताना मोटारीत मी मास्तरांना म्हटलं, आता योहानला सगळं लिहिते, तुमच्यावरचा डाग जाईल. त्यांनी माझा हात धरला. त्यांचं बोलणं आता ओठांशी कान नेला तरच कळतं. म्हणाले, "आजार झाला एवढंच लिही. कुठून आला ते लिहू नको. नसेल पटत, तर हसलो मी, असंच राहू दे. त्यानं एक पोर पुरलंय. त्याच्यावर हे आणखी नको." तुझा राग जन्मभर सोसायला ते तयार होते, योहान. आणि तू तो राग धरून बसलास. हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. होय, थोडं टोचावं म्हणूनही लिहिते. मी काही मास्तरांएवढी मोठ्या मनाची नाही.

पण दुसरंही लिहिते, तेही तितकंच खरं आहे. तू विष आणलं नाहीस. तू पाट्या आणल्यास. त्या पोरांमधली किती आता बाराखडी वाचतात ते येऊन बघ. तुला ठाऊक नव्हतं, मास्तरांना नव्हतं, ती पोती फेकून देणाऱ्यांनाही नसेल. मी स्वतः दारात उभी राहून म्हणायची, बघा माझा भाऊ कसा, पोतं भरून शाई आणतो.

वस्तीला मी सांगितलं की हे पाणी पिऊ नका. निम्म्यांनी ऐकलं. बाकीचे म्हणतात, मास्तराला लागलं म्हणून आमची विहीर बंद करतेस व्हय? त्यांना तरी कसा दोष देऊ? गावच्या विहिरीवर आपली घागर चालत नाही. म्हणून तर बाबांनी ही खणली. तू एवढासा होतास, पाटीनं माती वर ओढायचास. बाबा म्हणायचे, हिचं पाणी प्यायला कुणाला हात जोडायला नकोत. आता मी ओढ्यात झिरा उकरून पाणी भरते. ओढ्याला पूर आला की सूर्यभान पाटलांच्या मळ्यात जाते. त्यांची रंगुबाई वरून ओतते, मी खाली घागर धरते. चार हात लांबून. बाई मनानं चांगली आहे, तिला स्वतःलाच लाज वाटते. मला मात्र घरी येईपर्यंत बाबांचं तोंड दिसत राहतं.

माझी काळजी करू नकोस. डॉक्टर म्हणतात, एकाच घरात कुणाला होतं, कुणाला होत नाही. मी रोज सकाळी अंगणात सरळ रेघेत चालून बघते. टाचा टेकतात. आणि अक्षर बघ माझं, मोठंच आहे ना?

भाऊ नाही म्हणालास. आता पुन्हा विचार करून सांग.

लिडिया


८ सप्टेंबर १९४६

योहान,

उत्तर नाही. तू त्या दोघींना भुसावळला सोबत नेलंस, तिथून एलिझाबेथचं पत्र आलं, की तू जेवत नाहीस, कामावरून येऊन भिंतीकडे तोंड करून पडतोस, आणि माझं पत्र खिशात घेऊन फिरतोस. मी लिहायला नको होतं का? मास्तर रोज दाराकडे बघतात आणि मी नजर चुकवते. शब्द मोडला हे त्यांना सांगितलं नव्हतं, पण त्यांनी ओळखलं आहे.

त्यांना आता घास गिळता येत नाही. पेज भरवते. अर्धी बाहेर येते.

रागाचं लिही, शिव्या लिही. पण लिही.

आक्का


१५ डिसेंबर १९४६

माझ्या योहान,

तार तुला उशिरा मिळाली हे मला कळलं. पुलाच्या कामावर तार घेऊन कोण हिंडणार? तू पोहोचला नाहीस याचा दोष स्वतःला लावू नकोस. तुला दोष लावून घ्यायची सवय लागली आहे आता, म्हणून आधीच सांगते.

मास्तर मंगळवारी गेले. पेज श्वासात गेली, छातीत कफ झाला, ताप आला. फार हाल झाले नाहीत. निदान चेहऱ्यावर दिसले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नसे, म्हणून मी नाडी धरून बसले होते. माझ्या हातात गेले.

नोव्हेंबरात तू आलास तेव्हाचं मला लिहू दे. तू तिथंच होतास, पण तुझी पाठ घराकडे होती. मला काय दिसलं ते तुला ठाऊक नाही.

मी झिऱ्यावरून येत होते. लिंबाखाली कुणी माणूस पहार चालवताना दिसला. जवळ आल्यावर कळलं की तो माझा भाऊ आहे. ना निरोप, ना सलाम. स्टेशनावरून तू थेट खड्ड्याशी गेला होतास. मी हाक मारली, तू मान वर केली नाहीस. दोन दिवस तू तो खड्डा उपसत होतास. सेल, पत्रे, त्यांच्याखालची काळी माती, तिच्याखालची तांबडी मातीसुद्धा. पहिल्या दिवशी वस्ती नुसती बघत उभी होती. दुसऱ्या दिवशी छबूबाईचा बन्सी घमेलं घेऊन उतरला. "आयची टाच टेकंना, मी काय बगत बसू?" म्हणाला. मग आसारामनं गाडी जुंपली. नाकाला ओली फडकी बांधून तुम्ही तो सगळा माल वस्तीपासून लांब कातळावर नेऊन टाकलात. जेवण मी बांधावर ठेवत होते. घरात मात्र तू येत नव्हतास.

मास्तरांची बाज मी दारात आणली होती. ते दोन्ही दिवस तुझ्याकडे बघत पडून होते.

तिसऱ्या दिवशी तू हातपाय धुऊन उंबऱ्यात उभा राहिलास. नखं काळी होती, त्यांची असायची तशीच. म्हणालास, "दाजी, मला माफी करा." आणि ते हसले.

तेच हसू, योहान, आमोसच्या मातीच्या वेळचं. मी मनात म्हटलं, देवा, आत्ता नको, एवढा एक वेळ नको. तुझा जबडा घट्ट झालेला मला दिसला. मग तू खाली बसलास, त्यांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवलंस आणि म्हणालास, "रडा दाजी, पोटभर रडा." ते हसत राहिले, तू रडत राहिलास, आणि मग तूही हसायला लागलास, दोघं मिळून, बाज हलेपर्यंत. त्यांना हात उचलता येत नव्हता. मी तो उचलून तुझ्या डोक्यावर ठेवला. तो मी ठेवला होता हे तुला कळलं नसेल. पण बोटं त्यांनी हलवली, ती त्यांची त्यांनीच.

तू गेल्यावर ते एकच वाक्य बोलले. "आमोसला सांगेन." काय सांगणार, ते मी विचारलं नाही.

त्यांना आमोसच्या शेजारीच ठेवलं. सगळी शाळा आली होती. 'कोंबडा मास्तर' म्हणणारी पोरं पुढं उभी होती आणि ढसाढसा रडत होती. पाळकसाहेबांनी प्रार्थनेत त्यांच्या आजाराचं नाव घेतलं, दारूचा संशय घेतल्याबद्दल सगळ्यांसमोर क्षमा मागितली. माती टाकली तेव्हा कुणी हसलं नाही. एवढी शांतता होती, आणि मी कान देऊन उभी होते. ज्या हसण्यानं आपलं घर मोडलं ते पुन्हा एकदा ऐकू यावं असं मला फार वाटलं. मग मात्र मी रडले.

विहिरीचं पाणी अजून प्यायचं नाही. डॉक्टर म्हणतात, खड्डा काढला ते चांगलं झालं, पण विहीर पूर्ण उपसून दोन-तीन पावसाळे जाऊ द्या, मग पुन्हा बाटली पाठवा. बन्सी आणि इतर माणसं उन्हाळ्यात उपसायला घेणार आहेत. तुझ्याकरता गाळ ओढायची एक पाटी राखून ठेवली आहे म्हणे. मी सकाळी अजून सरळ रेघेत चालते. छबूबाई बाजेवर बसून बघते आणि सांगते, "टेकतीया, टेकतीया."

नाताळ जवळ आला. यंदा एकटीनं करायचा नाही मला. तुम्ही तिघं या. घर सारवून ठेवते, नुसतं शेणाचं, काळा पट्टा न ओढता. पिण्याचं पाणी झिऱ्यावरून आणून, उकळून, झाकून ठेवते. दयाला इथल्या विहिरीशी जाऊ द्यायचं नाही, ते मी बघेन.

तू विचारशील, आक्का, काय आणू? लहानपणापासून तुझं हेच. काही आणू नकोस, योहान. दयाला आण.

तुझी आक्का,
लिडिया